पोळी-भाताला रजा देण्यापूर्वी

लंडनच्या विल्यम बँटिंग यांना जिना उतरायचा असला की ते पाठमोरे होत आणि एकेक पायरी उलटी उतरत. सरळ उतरले तर देहाचा भार गुडघ्यांना आणि घोट्यांना सोसवत नसे. वाकून बुटाची नाडी बांधणे तर त्यांनी केव्हाच सोडून दिले होते. वय ६६, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो! अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा त्यांचा पिढीजात व्यवसाय. ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्यासारख्या बड्या माणसांच्या अंत्यविधीचे काम त्यांच्या पेढीकडे असे. पैशाला तोटा नव्हता, त्यामुळे उपायही सगळे करून झाले होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते नदीवर होडी वल्हवायला जात, पण त्याने ताकदीबरोबर भूकही अशी वाढली की वजन होते त्यापेक्षा पुढे गेले. बाष्पस्नाने झाली, औषधी झऱ्यांचे पाणी पिऊन झाले. शेवटी ऐकू कमी येऊ लागले म्हणून ते कानाच्या एका डॉक्टरांकडे गेले आणि तिथे त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली.

या डॉक्टरांचे नाव विल्यम हार्वे. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे हार्वे वेगळे, ते दोन शतकांपूर्वीचे. या हार्वेंनी कानात औषध घालण्याऐवजी बँटिंग यांच्या ताटाकडे बोट दाखवले. पाव, साखर, दूध, बटाटे आणि बिअर बंद. मांस, मासे आणि भाज्या चालू. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो वजन उतरले. ऐकूही बरे येऊ लागले. हर्षभरित झालेल्या बँटिंग यांनी १८६३ मध्ये 'लेटर ऑन कॉर्प्युलन्स' ही पुस्तिका स्वखर्चाने छापली. ती इतकी गाजली की त्यांचे आडनाव हेच क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्यासाठी पथ्य करणे याला आजही 'बांता' म्हणतात.

त्यानंतर हीच कल्पना दर पिढीला नव्या नावाने आली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांनी ती घरोघर नेली. अलीकडे ती 'कीटो' या नावाने आपल्याकडे आली आणि व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकापासून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटापर्यंत सर्वत्र पोहोचली. शेजारच्या वहिनींचे वजन दोन महिन्यांत आठ किलोंनी उतरले हे कानावर पडले, की दुसऱ्या दिवसापासून घरातल्या पोळ्या बंद होतात. आणि तिसऱ्या दिवशी डोके ठणकायला लागले की त्या पुन्हा सुरू होतात.

बँटिंग यांच्या काळी शरीरात नेमके काय घडते हे कोणालाच ठाऊक नव्हते. आज ते बऱ्यापैकी ठाऊक आहे. म्हणूनच अंदाजाने उडी घेण्याचे कारण उरलेले नाही.

दुसरा चुलाणा

आपण खाल्लेली पोळी, भात, साबुदाणा, साखर या सर्वांची शेवटी ग्लुकोज होते. ती पेशींत पोहोचवणे आणि जास्तीची साठवून ठेवणे हे इन्शुलिनचे काम. साठवणीची पहिली कोठी म्हणजे ग्लायकोजेन. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन मावते. ती भरली की उरलेल्याची चरबी होते, आणि चरबीच्या कोठीला दुर्दैवाने कुलूप नाही.

कर्बोदके, म्हणजे पिष्टमय आणि साखरयुक्त पदार्थ, एकदम कमी केले की पहिली कोठी एक-दोन दिवसांत रिकामी होत जाते. इन्शुलिनची पातळी उतरते. इन्शुलिन उतरले की चरबीच्या पेशींतून मेदाम्ले बाहेर पडू लागतात आणि यकृत त्यांच्यापासून 'कीटोन' नावाची रसायने तयार करते. रक्तातली त्यांची पातळी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की शरीर 'कीटोसिस'मध्ये आले असे म्हणतात. घरात गॅस संपला म्हणून परसातला जुना चुलाणा पेटवावा, तसाच हा प्रकार.

मेंदूचे काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि चरबी तो थेट वापरू शकत नाही. बोस्टनमध्ये डॉ. जॉर्ज काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ उपवास करणाऱ्या रुग्णांची तपासणी केली. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनातून दिसले, की अशा वेळी मेंदू आपली बरीचशी भूक कीटोनवर भागवतो. दीर्घ उपवासात हे प्रमाण दोन तृतीयांशांपर्यंत जाऊ शकते. उरलेले थोडे ग्लुकोज यकृत प्रथिनांपासून स्वतःच बनवते. म्हणजे साखर खाल्ली नाही तर मेंदू बंद पडतो, ही भीती निराधार आहे.

तसे पाहिले तर आपल्या देशाला ही अवस्था नवी नाही. पर्युषणात आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहणारी जैन मंडळी कीटोसिसमध्येच असतात; नाव मात्र कोणी घेत नाही. आपली एकादशी मात्र या हिशेबात बसत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट: १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यात बटाटा, वर रताळ्याचा कीस आणि संध्याकाळी वऱ्याचे तांदूळ. 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांना रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण हिशेब त्यांचा बरोबर होता.

या आहाराचा वैद्यकातला वापर वजनासाठी सुरू झालाच नव्हता. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या, रुग्णांसाठी तो सुचवला आणि 'कीटोजेनिक' हे नावही त्यांनीच दिले. उपवासात फिट कमी येतात हे जुने निरीक्षण होते. पण मुलांना किती दिवस उपाशी ठेवणार? म्हणून पोटात अन्न असताना शरीराला उपवास वाटेल असा आहार त्यांनी योजला. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आल्यावर तो मागे पडला. औषधांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी मात्र तो आजही दिला जातो. दिल्लीच्या 'एम्स'मध्येही त्याच्या सौम्य प्रकारावर संशोधन झाले आहे. तिथे एकेक ग्रॅम मोजला जातो आणि डॉक्टर व आहारतज्ज्ञ सतत लक्ष ठेवून असतात. वजनासाठी हाच प्रयोग करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे, की जी गोष्ट फिट थांबवू शकते ती किरकोळ नव्हे.

आधी औषधांचा डबा

म्हणून सुरुवात स्वयंपाकघरातून नव्हे, औषधांच्या डब्यापासून करायची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. या आहाराकडे वळणाऱ्यांत मधुमेही बरेच असतात, आणि नेमक्या त्यांनाच सर्वांत जास्त जपावे लागते.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्शुलिन ही औषधे रोजच्या पोळी-भाताचा हिशेब धरून दिलेली असतात. पोळी-भात गेला आणि मात्रा तीच राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. पहाटे झोपेत असे झाले तर घरच्यांना कळतही नाही. डॉक्टर या औषधांची मात्रा बहुधा पहिल्या दिवसापासूनच कमी करतात. ते काम रुग्णाने परस्पर करू नये. ते न करता आहारही बदलू नये.

याहून फसवी गोष्ट आहे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गटाच्या गोळ्यांची. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. मधुमेहात, हृदयविकारात आणि मूत्रपिंडाच्या विकारात त्या उपयुक्त ठरल्या आहेत. आता भारतात त्या अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे घरोघरी दिसतात. परंतु या गोळ्या चालू असताना कर्बोदके अगदी कमी केली, तर कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकते. त्याला कीटोॲसिडोसिस म्हणतात. एरवी या संकटात रक्तातली साखर खूप चढलेली असते, त्यामुळे ते ओळखू येते. या गोळ्यांमुळे ती जवळजवळ नेहमीसारखी दिसू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप, गुंगी अशी लक्षणे आणि यंत्रावर साखर मात्र ठीक. 'पित्त झाले असेल' म्हणून घरचे थांबतात आणि मोलाचे तास निघून जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. ज्यांच्या चिठ्ठीवर या गोळीचे नाव आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा आहार सुरू करायचा नाही. यात मधला मार्ग नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब पहिल्या आठवड्यात उतरू शकतो, तेव्हा त्यांनाही तपासणी हवी. पहिल्या प्रकारचा मधुमेह असणारे, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असलेले, स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेलेले, पित्ताशयात खडे असलेले, अशांनी हा मार्ग स्वतःच्या मनाने धरू नये. वाढत्या वयाच्या मुलींनी मैत्रिणीचे पाहून तर नाहीच नाही. बाकीच्यांनीही रक्तातील चरबीचे प्रमाण, क्रिएटिनिन, यकृताची चाचणी, युरिक ॲसिड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर एवढे आधी तपासून घ्यावे. तीन महिन्यांनी तुलना करायला हे आकडे लागतात.

वीस ग्रॅमचा संसार

कीटोसिससाठी दिवसाची कर्बोदके साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत आणावी लागतात. ॲटकिन्स यांची पहिल्या दोन आठवड्यांची मर्यादा २० ग्रॅमची होती. हा आकडा किती लहान आहे, हे आपल्या ताटाशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. भारतीय माणसाच्या उष्मांकांपैकी साठ टक्क्यांहून अधिक कर्बोदकांतून येतात. १८०० उष्मांकांच्या आहारात हे २८० ग्रॅमच्या आसपास जाते.

मध्यम आकाराची एक पोळी २० ग्रॅम. ज्वारीची एक भाकरी ४० च्या घरात. भाकरीत चोथा अधिक असला तरी या हिशेबात तिला सवलत नाही. एक वाटी भात चाळिशीच्या पुढे. कांदेपोह्यांची बशी ४५. चेन्नईच्या इडल्या, अहमदाबादचा ढोकळा, कोलकात्याच्या लुच्या, लुधियानाचा आलू पराठा, सारे एकाच माळेचे मणी. आणि चहा! दोन चमचे साखर घातलेला एक कप म्हणजे साखरेचेच दहा ग्रॅम. दिवसातून चार कप घेणाऱ्याचा कोटा जेवणाआधीच संपतो. त्यामुळे ज्यांना एकदम सर्व सोडणे जड वाटते, त्यांनी आदल्या दोन आठवड्यांत फक्त चहातली साखर, बिस्किटे आणि रात्रीचा भात एवढेच बंद करावे. पुढचा चढ बराच सोपा होतो.

शाकाहारी माणसाची खरी अडचण वेगळीच असते, ती वरणाची. डाळ म्हणजे प्रथिने असे आपण शाळेपासून घोकतो. पण ३० ग्रॅम तुरीच्या डाळीत प्रथिने असतात सहा-सात ग्रॅम आणि कर्बोदके त्याच्या दुपटीहून जास्त. पिठल्याचेही तेच. मग राहते काय? पनीर, दही, टोफू, शेंगदाणे, तीळ, जवस, खोबरे, आणि चालत असतील तर अंडी. मांसाहारी घरांत काम सोपे आहे. कोकणात आणि गोव्यात तर माशाची आमटी जशीच्या तशी चालते. तळलेल्या मासोळीचा रवा आणि पानातला भात एवढे बाजूला ठेवायचे. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यालाही हरकत नाही, हरकत आहे ती त्याबरोबरच्या तीन भाकऱ्यांना.

भाज्या निवडताना जमिनीखाली वाढणाऱ्या बहुतेक वगळायच्या आणि पालेभाज्यांना मोकळीक द्यायची, असे ढोबळ सूत्र आहे. मेथी, पालक, चाकवत, कोबी, फ्लॉवर, दुधी, दोडका, पडवळ, वांगी, भेंडी, काकडी या चालतात. बटाटा, रताळे, सुरण, मका आणि मटार नाहीत. कांदा फोडणीपुरता. फळांपैकी केळे, आंबा, चिकू, द्राक्षे बंद. आवळा आणि लिंबू चालू. आमटीतला गूळ आणि चटणीतली साखर या छुप्या पाहुण्यांवर नजर हवी.

एका दिवसाचे ताट साधारण असे पडते. सकाळी बिनसाखरेचा चहा, दूध नावापुरते. १०० ग्रॅम पनीरची भुर्जी किंवा दोन अंड्यांचे आम्लेट. दुपारी शेंगदाण्याचे कूट घातलेली मेथी, कोबीची कोशिंबीर, एक वाटी दही आणि शक्य असेल तर मासे किंवा कोंबडी. संध्याकाळी मीठ-जिरे घातलेले पातळ ताक आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्री फ्लॉवरची किंवा दुधीची भाजी, त्यात पनीर, वरून साजूक तूप. पनीर आणि दही धरूनही ही बेरीज ३५-४० ग्रॅमच्या आत राहते.

इथे बहुतेकांकडून होणारी एक गफलत टाळायला हवी. पोळी सोडली ती सोडली, वर तेल-तुपालाही हात आखडता घेतला, तर ती केवळ उपासमार होते. याचा अनुभव उत्तर ध्रुव प्रदेशाचे संशोधक विल्याल्मुर स्टेफान्सन यांनी घेतला. एस्किमोंच्या संगतीत मांस-मासे खाऊन राहिलेल्या या गृहस्थांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एका सहकाऱ्यासह, वर्षभर केवळ मांसावर राहण्याचा प्रयोग सुरू केला. सुरुवातीला डॉक्टरांच्या इच्छेनुसार त्यांना चरबी काढलेले मांस दिले गेले. थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबीयुक्त मांस देताच प्रकृती ताळ्यावर आली. बिनतेलाच्या उकडलेल्या दुधीवर कीटोसिस गाठू पाहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. प्रथिने मध्यम, पोट भरण्याचे काम स्निग्धांशाचे, हे या आहाराचे गणित आहे.

तिसरा दिवस

पहिला दिवस उत्साहात जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी डोके जड होते. तिसऱ्या दिवशी अंग मोडून येते, चिडचिड होते, उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. घरातली माणसे म्हणतात, 'सांगितले नव्हते?' आणि पानात पोळी वाढली जाते.

या त्रासाचे मुख्य कारण अशक्तपणा नसून मीठ आहे. इन्शुलिन उतरले की मूत्रपिंडे सोडियम जास्त प्रमाणात बाहेर टाकतात आणि त्याबरोबर पाणीही जाते. शिवाय ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतो. कोठी रिकामी झाली की तेही वाहून जाते. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो तो यामुळे. तो आनंद पेढे वाटण्याजोगा नाही, कारण गेलेले बहुतांशी पाणी आहे. निव्वळ पाणी ढोसल्याने डोकेदुखी थांबत नाही. पाण्याबरोबर मीठ लागते. दिवसाकाठी अर्धा ते एक चमचा जादा मीठ ताकातून, लिंबूपाण्यातून किंवा गरम रश्श्यातून विभागून घेतले, तर बहुतेकांचा तिसरा दिवस सुसह्य होतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना मात्र हा सल्ला लागू नाही. त्यांचे मीठ डॉक्टरच ठरवतील.

बद्धकोष्ठ ही दुसरी तक्रार. तिच्यावर पालेभाज्या, जवसाची चटणी आणि रात्री इसबगोल. इसबगोल जवळजवळ सगळाच चोथा असल्याने कीटोसिसला बाधा येत नाही. या आठवड्यात व्यायामशाळेतले पराक्रम नकोत. अर्धा तास चालणे पुरे. लग्नसराई, गणपती किंवा परीक्षेचा काळ सुरुवातीला निवडू नये. उकडीचे मोदक समोर असताना केलेला निश्चय फार तर आरतीपर्यंत टिकतो.

पट्टीचा रंग

साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, काहींना आठवड्यानेही, कीटोन पुरेसे वाढतात. पहिली खूण तोंडाच्या वासाची. कीटोनपैकी ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडते. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणाचा असतो तसा तो वास. हा दात न घासल्याचा परिणाम नाही आणि काही आठवड्यांत कमी होतो. दुसरी खूण अधिक सुखद: भूक मंदावते. अकरा वाजता डब्याकडे जाणारा हात जात नाही.

औषधाच्या दुकानात लघवीत बुडवायच्या पट्ट्या मिळतात. कीटोन असले की त्या गुलाबी ते जांभळ्या होतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यांचा उपयोग आहे. पुढे रंग फिका पडू लागतो आणि लोक घाबरतात. कारण असे, की पट्टीला फक्त ॲसिटोॲसिटेट नावाचा कीटोन कळतो; रक्तात मुख्य असतो बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, आणि तो तिला दिसतच नाही. शिवाय शरीर कीटोन वापरायला शिकले की लघवीत कमी जातात, आणि पाणी जास्त प्यायले तरी रंग फिका येतो. बोटातून थेंब घेऊन रक्तातले कीटोन मोजणारे यंत्र अधिक भरवशाचे. त्यावर ०.५ ते ३ मिलीमोल ही आहारजन्य कीटोसिसची पातळी मानली जाते. कीटोॲसिडोसिसमध्ये ती बहुधा याच्या पुढे गेलेली असते. ज्याचे इन्शुलिन काम करते आहे त्याच्या शरीरात कीटोन तिथवर सहसा पोहोचत नाहीत, कारण ते वाढू लागले की इन्शुलिनच त्यांना लगाम घालते. मधुमेहींचा आणि वर सांगितलेल्या गोळ्यांचा प्रश्न याचसाठी वेगळा.

एक गैरसमज इथेच काढून टाकावा. पट्टी जितकी गडद तितकी चरबी जास्त वितळते, असे नाही. यकृताला चरबी कंबरेची की वाटीतल्या तुपाची, याच्याशी कर्तव्य नसते. भरपूर तूप आणि काजू खाऊन पट्टी जांभळी ठेवता येते आणि वजन जागचे हलत नाही, असेही होते.

एक स्वयंपाकघर, दोन ताटे

इंग्रजी पुस्तकांत या आहाराबद्दल पुष्कळ लिहिलेले असते, पण तो शिजवणार कोण याबद्दल अवाक्षर नसते. आपल्या घरात पथ्य एकाचे आणि राबणे दुसरीचे असा प्रकार नवा नाही. यजमानांसाठी वेगळी भाजी, मुलांसाठी पोळ्या, सासूबाईंचा मऊ भात. आणि पथ्य खुद्द गृहिणीचेच असेल तर ती सर्वांना गरम पोळ्या वाढून स्वतः काकडी खात बसते. चार दिवसांत तिचा धीर सुटला तर दोष तिचा नव्हे. यावर व्यवहारी तोड एकच: भाजी आणि कोशिंबीर सर्वांची एकच ठेवायची, प्रमाण वाढवायचे, बटाटा वेगळा करून मुलांच्या वाटीत घालायचा. पनीर आणि सुक्या मेव्याचा खर्च ज्वारी-तांदळाच्या मानाने जास्त येतो, तेव्हा महिन्याच्या वाणसामानाची यादीही आधी बसून करावी. हळदीकुंकवाला गेल्यावर होणाऱ्या आग्रहाला 'डॉक्टरांनी मना केले आहे' हे उत्तर अजून तरी हमखास चालते.

एवढे करून फायदा किती? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ॲटकिन्स आहार घेणाऱ्यांचे वजन पहिल्या सहा महिन्यांत नेहमीच्या कमी चरबीच्या आहारापेक्षा जास्त उतरले. वर्षअखेर फरक उरला नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर केलेल्या चाचणीतही वर्षभरात कमी कर्बोदकवाल्यांचे सरासरी सहा किलो आणि कमी चरबीवाल्यांचे ५.३ किलो वजन घटले. शास्त्रीय दृष्ट्या हा फरक नगण्य. काहींचे वीस-पंचवीस किलो उतरले, काहींचे वाढले, आणि हे दोन्ही गटांत घडले. मधुमेहात साखर लवकर आटोक्यात येते, ट्रायग्लिसराइड उतरते, हे फायदे खरे आहेत. पण काहींचे एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल चांगलेच चढते, हेही तितकेच खरे. तीन महिन्यांची तपासणी चुकवायची नाही ती यासाठी. भारतातल्या १८ हजारांहून अधिक लोकांच्या आहाराचा अभ्यास करून २०२२ मध्ये संशोधकांनी मधुमेह माघारी फिरवण्यासाठी जे प्रमाण सुचवले, त्यात कर्बोदके ४९ ते ५४ टक्के होती. कीटोसिसपासून ते फार दूर आहे. दुपारच्या चार पोळ्यांच्या दोन करून त्या जागी उसळ आणि पनीर वाढले, तरी त्याच्या जवळपास जाता येते. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोनदाच जेवण्याच्या पद्धतीचा बोलबाला झाला, तीही वेगळी. तिथे भर जेवणाच्या वेळांवर आहे, पोळी वर्ज्य करण्यावर नाही. कोणाला कोणते जमेल हे घराच्या आणि स्वभावाच्या घडणीवर ठरते.

परतीची वाट

बहुतेक जण आठ-बारा आठवड्यांनी कंटाळतात. त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते एका रात्रीत श्रीखंड-पुरीवर परतणे. पहिल्या आठवड्यात पेरूच्या दोन फोडी आणि अर्धी वाटी वरण, दुसऱ्या आठवड्यात मटकीची किंवा मुगाची उसळ, मग दुपारी अर्धी भाकरी, असे टप्पे घ्यावेत. कोठीत ग्लायकोजेन आणि पाणी परत भरताना काटा चार दिवसांत एक-दोन किलो वर सरकतो. ती चरबी नव्हे. मधुमेहींनी या काळात नवा पदार्थ घेतल्यावर दोन तासांनी साखर मोजून वहीत टिपावी. कोणाला भाकरी सोसते, कोणाला भात, हे या वहीतूनच कळते. सुरुवातीला डॉक्टरांनी कमी केलेल्या गोळ्या या टप्प्यावर पुन्हा वाढवाव्या लागू शकतात, म्हणून भाकरी ताटात येण्याच्या आठवड्यातच त्यांची वेळ घेऊन ठेवावी.